मूल कुणावर गेलं?

बारशाला गेलं की घुगऱ्यांच्या आधी एक प्रश्न वाटला जातो. "मूल कुणावर गेलं हो?" विचारणारीच्या मनात काही नसतं. पाळण्यात वाकून बघायचं, नाक कुणाचं, कपाळ कुणाचं याची वाटणी करायची आणि मग ओटीचं ताट पुढे ओढायचं, ही आपली रीतच आहे.

परवा आमच्या उदगीरला किल्ल्याकडच्या गल्लीत अशाच एका बारशाला गेले होते. बाळ गोड, टपोरं, पण डोळे घारे. घरात तर घाऱ्या डोळ्यांचं कुणी दिसेना. एक मावशी पाळण्यात वाकल्या आणि म्हणाल्या, "नाक आईचं हाय, कपाळ बापाचं. डोळे मातर कुनाचे आनले की ओ?" बायका हसल्या. हसणं तसं साधंच. पण बाळंतिणीने मान खाली घातली ती पाळणा म्हणून संपेपर्यंत वर केली नाही. शेवटी भिंतीला टेकून बसलेली तिची आजेसासू बोलली, "माझ्या सासऱ्याचे डोळे असेच होते. तुमी कुनी बघितले नव्हते त्यान्ला." तेव्हा कुठे विषय मिटला आणि घुगऱ्या आल्या.

घरी येताना माझ्या मनात आलं, ही आजेसासू हयात नसती तर?

साध्या घरातली ही गोष्ट. हाच प्रश्न जिथे गादी, राज्य आणि खजिना असतो तिथे विचारला गेला, तर तो पाळण्यापाशी थांबत नाही. लंडनच्या राजपुत्र हॅरीचंच बघा ना. त्याचे केस तांबूस. झालं, तेवढं निमित्त पुरलं. त्याची आई डायना आणि लष्करातला अधिकारी जेम्स हेविट यांचं प्रेमप्रकरण पुढे उघड झालं होतं, हेविटचेही केस तांबूस. तिथल्या चटपटीत बातम्या छापणाऱ्या पत्रांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापले आणि बाकीचं वाचकांवर सोडलं. हॅरीचा जन्म सप्टेंबर १९८४ चा. डायना आणि हेविट यांची ओळख झाली त्यानंतर, १९८६ च्या सुमाराला. हेविटने स्वतः २००२ मध्ये सांगितलं की आमची भेट झाली तेव्हा हॅरी चालायला लागला होता. आणि केसांचं म्हणाल तर डायनाच्या माहेरी, स्पेन्सर घराण्यात, तांबूस केस आहेतच. म्हणजे आजेसासूने सांगावं तसं उत्तर तयार होतं. पण उत्तर छापून पेपर खपत नाहीत, प्रश्न छापून खपतात.

जून २०२३ मध्ये हॅरी एका वृत्तपत्रसमूहाविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात साक्षीला उभा राहिला. राजघराण्यातल्या इतक्या वरच्या माणसाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहण्याची सुमारे १३० वर्षांतली ती पहिलीच वेळ. आपल्या लेखी निवेदनात त्याने जे सांगितलं ते वाचून माझ्या तर पोटात कालवलं. त्याचा जन्म आधीचा आणि आईची हेविटशी ओळख नंतरची, हा साधा हिशोब त्याला स्वतःला २०१४ च्या सुमाराला कळला! तोवर तो तीस वर्षांचा झाला होता. आई गेली तेव्हा होता बारा वर्षांचा. मधली सगळी वर्षं ते लेकरू पेपरात स्वतःच्या बापाबद्दल वाचत होतं, आणि खरं काय ते विचारायला आई नव्हती. एका पत्राने तर त्याचा केस मिळवून तपासणी करण्याच्या कटाची बातमी छापली होती. मला राजघराण्यातून बाहेर काढता यावं म्हणून तर हे चाललं नव्हतं ना, असं त्याने कोर्टात विचारलं. प्रश्न भाबडा नाही. राजघराण्यातल्या मुलाच्या जन्माविषयीची कुजबुज कुणाला फायद्याची, हे आधी बघायचं असतं.

त्याच इंग्लंडात १६८८ मध्ये राजा दुसरा जेम्स याची राणी मेरी हिला मुलगा झाला. राजा कॅथलिक, त्यामुळे मुलगा नको असणारे पुष्कळ. लगेच आवई उठली की राणीला मूल झालंच नाही, अंथरूण ऊबदार करायच्या भांड्यातून दुसऱ्याचं पोर आत नेलं. हे भांडं म्हणजे लांब दांड्याचं, झाकणाचं, निखारे ठेवायचं. त्यात नवजात मूल कसं मावावं आणि मावलं तर ते रडू नये कसं, हे एकाही बाळंत झालेल्या बाईला पटलं नसतं. पण शंका पत्रांतून पसरवण्यात राजाची मोठी झालेली मुलगी अ‍ॅन हिचा हात होता, आणि हीच अ‍ॅन पुढे १७०२ मध्ये गादीवर बसली. बिचाऱ्या राजाने चाळीसाहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या. त्यात सरदार होते, दाई होती, कपडे धुणारी बाईसुद्धा होती. आपल्या बायकोच्या बाळंतपणाच्या सगळ्या खाणाखुणा त्याने दरबारात वाचून घेतल्या. तरी राज्य गेलंच. पुढे कितीतरी वर्षं राजघराण्यात बाळंतपण असलं की सरकारचा गृहमंत्री त्या घरी हजर राहायचा, ही रीत अगदी १९३६ पर्यंत चालली. एलिझाबेथ राणीचा १९२६ साली जन्म झाला तेव्हाही गृहमंत्री घरात बसून होता. इकडे वेणा येताहेत आणि दिवाणखान्यात मंत्री घड्याळ बघतोय!

हसू येतं खरं. पण आपल्याकडे हेच झालं, आणि त्या कहाणीचा धागा थेट आमच्या उदगीरच्या किल्ल्यापाशी येतो.

३ फेब्रुवारी १७६०. उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडून शरण आणलं. दौलताबादेसारखा किल्ला आणि मोठा मुलूख पदरात पडला. आमच्याकडे शाळेतलं पोरही हे सांगतं. त्या विजयाच्या जोरावरच भाऊंना उत्तरेच्या मोहिमेचं सेनापतिपद मिळालं. मार्चमध्ये परतूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातून, ते निघाले ते पानिपतला. बरोबर त्यांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. १४ जानेवारी १७६१ ला भाऊ पडले. पार्वतीबाई त्या रणधुमाळीतून वाचून परत आल्या. पण भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याला कैदेत टाकलं, १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले घेत सुटला आणि त्याच वर्षी पकडून पुण्यात त्याला देहान्त दिला. आपला नवरा जिवंत आहे की नाही यावर गावोगाव बोललं जातंय, हे ऐकत या बाईने पंधरा वर्षं काढली. अफवेची धग कशी असते ते पार्वतीबाईंना कुणी सांगायला नको होतं.

आणि म्हणूनच मला वाटतं, १७७४ च्या जानेवारीअखेर गंगाबाईला पुरंदर किल्ल्यावर नेलं तेव्हा सोबतीला पार्वतीबाईंनाच पाठवलं ही मोठी समजुतीची गोष्ट झाली.

गंगाबाई म्हणजे नारायणराव पेशव्यांची पत्नी. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं. नवरा अठरा वर्षांचा. हिचं वय त्यावरून ताडा. काका राघोबादादा पेशवे झाले. (त्या खुनात आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला हे आपण सगळ्या जणी लहानपणापासून ऐकतो. राज्य दादांना हवं होतं, गारदी दादांनी बोलावले होते. लोकांच्या तोंडी मात्र राहिली ती बाई.) मग कळलं की गंगाबाईला दिवस गेले आहेत. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके या मंडळींनी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, ठरवलं की मुलगा झाला तर तोच पेशवा. तोवर आईला गडावर सुरक्षित ठेवायचं.

गडाचे दरवाजे बंद झाले आणि बाहेर तोंडं उघडली. काय तर म्हणे, गंगाबाईबरोबर आणखी काही गरोदर ब्राह्मण बायका गडावर नेल्या आहेत. हिला मुलगी झाली तर त्यांच्यातल्या एखादीचा मुलगा हिच्या कुशीत ठेवायचा. राघोबादादांच्या बाजूने ही वार्ता फिरली आणि मुंबईच्या इंग्रजांपर्यंत गेली.

आता बायकांच्या नजरेने जरा बघू या. नव्याने विधवा झालेल्या, धास्तावलेल्या कोवळ्या बाईला दूध आलं नाही तर? पेशव्यांच्या एकुलत्या एका वारसाला पाजणार कोण? गडावर दुसऱ्या ओल्या बाळंतिणी ठेवणं ही मला तरी शहाण्या घराची सोय वाटते. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातही जावेने जावेचं मूल पाजलेलं आहे. पण संशयाने बघायचं म्हटलं की दुधाची सोयसुद्धा कारस्थान दिसते.

दुसरा हिशोब दिवसांचा, आणि तो आपण बोटांवर करू शकतो. ३० ऑगस्टपासून मूल जन्मलं त्या १८ एप्रिल १७७४ पर्यंत २३१ दिवस होतात. पूर्ण दिवसांचं बाळंतपण धरलं तर नारायणराव गेले तेव्हा हिची पाळी चुकून जेमतेम तीन आठवडे झाले असतील. म्हणजे कदाचित तिची तिलाच खात्री नसेल. हिशोब कुठेही चुकत नाही. पण हा हिशोब मांडणाऱ्या बायका माजघरात होत्या, आणि बातमी बाहेर चौकात फिरत होती.

ती फिरली आणि लोकांना पटलीही, याला आणखी एक कारण होतं. असलंच एक प्रकरण चोवीस वर्षांपूर्वी साताऱ्यात होऊन गेलं होतं. शाहूमहाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले. पोटी मुलगा नाही. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं होतं की माझा नातू रामराजा आहे, कोल्हापूरच्या सवतीच्या भयाने मी त्याला लहानपणीच लपवून वाढवला. सरदारांसमोर त्याच्याबरोबर जेवून, अन्नाची शपथ घेऊन तिने त्याला आपला म्हटलं, असं सांगतात. १७५० च्या जानेवारीत रामराजा छत्रपती झाला. पण तो आजीच्या मुठीत राहीना, पेशव्यांकडे झुकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि सांगितलं, हा माझा नातू नव्हे, हे गोंधळ्याचं पोर. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली.

ताराबाई म्हणजे औरंगजेबाशी झुंज दिलेली बाई. तिच्याबद्दल आदर आहेच. पण हे वाचताना मन खट्टू होतं. एक शपथ अन्नाची, एक खंडोबाची, आणि दोन्ही एकाच मुलाबद्दल. त्याने कुणाच्या तोंडाकडे बघावं? गादीवर राहिला तो, कारण पेशव्यांना तो गादीवर हवा होता. रक्त कुणाचं हे कुणी शोधलं नाही.

पुण्यातल्या लोकांना हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळे पुरंदरावरून मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा आनंदाबरोबर भुवयाही उंचावल्या असणार. मुलाचं नाव ठेवलं माधवराव, पुढे सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं लेकरू, अजून मान धरत नव्हतं, त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. आणि ही वस्त्रं पाठवली कुणी? साताऱ्याच्या छत्रपतींनी, म्हणजे त्याच रामराजाने! ज्याच्या जन्मावर आजीनेच शंका घेतली त्याने, ज्याच्या जन्मावर चुलतआजोबा शंका घेत होते त्या तान्ह्याला वस्त्रं द्यावीत. वस्त्रांची पेटी बांधताना त्या माणसाच्या मनात काय आलं असेल?

समजा, गंगाबाईला मुलगी झाली असती तर? याचं उत्तर शंभर वर्षांनी बडोद्याला मिळालं. खंडेराव गायकवाड नोव्हेंबर १८७० मध्ये वारले, राणी जमनाबाई गरोदर. खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले, पण अट अशी की राणीला मुलगा झाला तर गादी सोडायची. राणीच्या जिवाला धोका, आणि मूल बदलतील हा धोका वेगळा, म्हणून तिला बाळंतपणासाठी इंग्रज रेसिडेंटच्या आश्रयाला राहावं लागलं. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली. झालं! सगळा वाद एका दिवसात संपला. पहारे उठले. ही मुलगी खरी की बदललेली, हे विचारायला कुणी आलं नाही. पुढे मल्हाररावांना पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये याच जमनाबाईंनी कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. त्यांच्या अंगात खंडेरावांचं रक्त नव्हतं हे सगळ्या बडोद्याला ठाऊक होतं आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

पुरंदरच्या अफवेची किंमत मात्र जबर पडली. राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. पेशवा आम्ही, गडावरचं मूल खोटं, आम्हाला गादीवर बसवा. त्या बदल्यात साष्टी आणि वसई घ्या. त्यातून जी लढाई लागली ती १७८२ मध्ये सालबाईच्या तहापर्यंत चालली. तेव्हा कुठे इंग्रजांनी सवाई माधवरावांनाच पेशवा मानलं आणि दादांना नेमणूक घेऊन बसावं लागलं. तान्हं असताना जे मूल खोटं होतं, ते आठ वर्षांचं झाल्यावर एका कागदाने खरं झालं.

हे बघायला गंगाबाई नव्हती. जुलै १७७७ मध्ये ती वारली, मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा. पण मेल्यावरही तिची सुटका झाली नाही. तिच्या मरणाचा संबंध नाना फडणिसांशी जोडून एक घाणेरडी गोष्ट बोलली गेली, आणि साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने ती १८२६ मध्ये छापलेल्या आपल्या इतिहासात घातली. तिचा खरा आजार काय होता, अखेरच्या दिवसांत तिच्या उशाशी कोण होतं, हे काही त्याने लिहिलं नाही. तिच्या मुलाचा बाप कोण यावर एका बाजूने राजकारण केलं, तिच्या मरणावर दुसऱ्याने ग्रंथात चार ओळी लिहिल्या. ती स्वतः काय म्हणाली ते कुणी लिहून ठेवलं असेल तर माझ्या वाचनात नाही. इंग्लंडच्या राजाने निदान कपडे धुणारीला तरी विचारलं होतं.

पोरक्या माधवरावाकडे पुढे पार्वतीबाईंनी पाहिलं. म्हणजे उदगीर जिंकणाऱ्या भाऊंची पत्नी, जिला स्वतःचं मूल नव्हतं. फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्यात या मुलाचं लग्न झालं, नऊ वर्षांचाही नव्हता. त्या लग्नाच्या व्यवस्थेची नानांनी केलेली लांबलचक याद प्रसिद्धच आहे. पंगती कशा बसवाव्यात इथपासून सगळं त्यात आहे. त्याच वर्षी पार्वतीबाई वारल्या, आणि डिसेंबरात राघोबादादाही कोपरगावला गेले.